गार आणि गप्प

मे महिन्यात नांदेडात कुणी कुणाला गुपित सांगत नाही. सांगता येतच नाही. घरोघरी कूलर चालू असतात आणि कूलरसमोर बसून गुपित सांगायचं म्हटलं, तर ते चौथ्या घरापर्यंत जाईल एवढ्या आवाजात सांगावं लागतं. आमच्याकडची बरीच लग्नं उन्हाळ्यात ठरतात आणि कुरबुरी सुरू होतात त्या हिवाळ्यात. याचं कारण माझ्या मते हेच आहे. ठरताना कुणाला नीट ऐकूच आलेलं नसतं.

फार वर्षांपूर्वी मी वजिराबादेतल्या एका दुकानात जाऊन, आवाज न करणारा कूलर मागितला होता. दुकानदारानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "साहेब, आवाज न करणारा कूलर म्हंजे बंद कूलर." मी मनातल्या मनात त्याला उर्मट ठरवलं आणि समोरच्या दुकानातून दुप्पट आवाजाचा कूलर घेऊन आलो. तो दुकानदार उर्मट नव्हता, तत्त्वज्ञ होता, हे कळायला मला गेल्या वर्षीचा एप्रिल उजाडावा लागला.

झालं असं, की माझा उदगीरचा भाचा इथे अभियांत्रिकीला प्रवेश मिळवून आमच्या घरी राहायला आला. माझी मुलगी त्याच्या आदल्याच आठवड्यात अकरावीसाठी लातूरला गेली होती, म्हणून तिची खोली रिकामी होती. ही अदलाबदल आमच्या भागात सर्रास चालते. नांदेडचं पोरगं लातूरला शिकतं, लातूरचं नांदेडला, आणि दोघांचेही आईबाप "घरी राहून अभ्यास होत नाही बगा" असं एकमेकांना सांगतात. नांदेडात क्लास नाहीत असं नव्हे. गल्लीगल्लीत आहेत. पण राजर्षी शाहू महाविद्यालयाची पोरं बारावीच्या गुणवत्ता यादीत रांगेनं झळकायला लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर झाला, तेव्हापासून आमच्या भागातल्या बापांना लातूरला पोर पाठवल्याशिवाय आपण काही केलं असं वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

तर भाचा आला. एका ट्रंकेत कपडे आणि दुसऱ्या, त्याहून मोठ्या खोक्यात संगणक. हा संगणक 'ओव्हरक्लॉक' केलेला आहे, असं त्यानं पहिल्याच दिवशी अभिमानानं सांगितलं. मला वाटलं, काही रंगबिंग दिला असेल.

ओव्हरक्लॉक म्हणजे दामटणे. प्रोसेसर नावाचा जो लहानशा बिस्किटाएवढा तुकडा संगणकाची सगळी बुद्धी चालवतो, त्याला कारखान्यानं एक चाल ठरवून दिलेली असते. सेकंदाला ५०० कोटी ठोके, समजा. (माझं हृदय मिनिटाला बहात्तर देतं आणि तेवढे पुरे, असं डॉक्टरांचं मत आहे.) भाचेबुवांनी ती चाल ५५० कोटींवर नेली होती. बैलाची चाल वाढवायची तर नुसता आसूड भागत नाही, पेंडही वाढवावी लागते. इथे पेंड म्हणजे व्होल्टेज. आणि या पेंडीचं गणित मोठं चमत्कारिक आहे. लागणारी वीज चालीच्या पटीत तर वाढतेच, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे चाल दहा टक्के आणि व्होल्टेजही दहा टक्के वाढवलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१. वीज ३३ टक्के जास्त. ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते.

"म्हणजे दहा टक्क्यांसाठी तेहतीस टक्के?" मी म्हणालो. "असा व्यवहार मोंढ्यात कुणी केला तर त्याला दुकान बंद करावं लागंल."

"मामा, त्या दहा टक्क्यांतच तर मजा आहे," भाचा म्हणाला.

त्या मजेचा उपयोग तो लग्नपत्रिकांचे व्हिडिओ करायला करी. हल्ली पत्रिका छापत नाहीत, मोबाइलवर पाठवतात. तीत राजवाड्याचा दरवाजा उघडतो, दोन हत्ती सोंडा उचलून फुलं उधळतात आणि मग 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' सुरू होतं. ते दोन हत्ती हलवायला या संगणकाला रात्रभर राबावं लागे. आणि हत्ती जसजसे सोंड उचलत, तसतसा आतला पंखा असा काही केकाटे, की आमच्या हॉलमध्ये विमानतळ झाल्याचा भास व्हावा. माझी खाट त्याच भिंतीला लागून. कूलरची घरघर मला अंगाईसारखी सवयीची होती. पण ही किंचाळी निराळी होती. चार रात्री मी हत्ती मोजत काढल्या आणि पाचव्या दिवशी फर्मान काढलं: याला एक शांत कूलर बसव.

इथून माझं या विषयातलं शिक्षण सुरू झालं. संगणकाच्या प्रोसेसरवरही 'कूलर'च असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. १९८०च्या दशकातल्या संगणकांत प्रोसेसरवर पंखा नसायचा. तो बिचारा नुसत्या हवेवर निभावून न्यायचा. पुढे चाल वाढली आणि पंखा आला. आता २०२२ साली आलेल्या इंटेलच्या आय-नाइन १३९००के या प्रोसेसरची कमाल भूक कंपनी स्वतःच २५३ वॉट सांगते. म्हणजे हॉलमधले तीन-चार जुने छताचे पंखे एका बिस्किटात.

भाच्यानं मला चित्रं दाखवली. कूलर म्हणजे पातळ पत्र्यांची चळत, तिच्यातून गेलेल्या तांब्याच्या नळ्या आणि बाजूला पंखा. त्या नळ्यांची करामत मला फार आवडली. नळी दोन्ही टोकांनी बंद. आतली हवा काढून घेतलेली आणि थोडंसंच पाणी ठेवलेलं. प्रोसेसरकडच्या टोकाला ते पाणी कमी तापमानालाच उकळतं, वाफ होऊन पत्र्यांकडे जातं, तिथे गार होऊन पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या अस्तरातून झिरपत परत येतं. तेच ते चमचाभर पाणी वर्षानुवर्षं. भरायला नको, बदलायला नको.

"हे लातूरवाल्यांनी शोधून काढायला पायजे होतं," मी म्हणालो. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर. त्या उन्हाळ्यात लातुरात कूलरमध्ये पाणी ओतणं म्हणजे दुधानं अंगण सारवण्यासारखं होतं.

मग आवाजाचं शास्त्र आलं. पंख्याचा वेग दुप्पट केला तर वारा दुप्पट मिळतो, पण आवाज साधारण १५ डेसिबल चढतो, आणि दर १० डेसिबलला कानाला तो जवळपास दुप्पट वाटतो. म्हणून लहान पंखा जोरात पळवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवणं केव्हाही शांत. हे मला लगेच पटलं. छतावरचा अठ्ठेचाळीस इंची पंखा मुकाट फिरतो आणि टेबलावरचा चिमुकला पंखा डोकं उठवतो, हे आपण रोज बघतोच. माणसांतही मोठ्या जागेवरचा माणूस हळू बोलतो. आरडाओरडा करावा लागतो तो लहान जागेत कोंडलेल्याला.

भाच्याची पसंती ऑस्ट्रियातल्या नॉक्टुआ कंपनीच्या एका कूलरवर होती. चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचे दोन पंखे, प्रत्येकी १४० मिलिमीटरचे. दोन मनोरे. उंची १६५ मिलिमीटर, म्हणून खोक्याचं झाकण लागेल की नाही ते आधी टेपनं मोजायचं. आणि किंमत एका बऱ्यापैकी घरगुती कूलरएवढी.

किंमत ऐकून माझी शास्त्राची आवड एकदम ओसरली.

"आणि एवढं घालून गार किती होईल?"

"खोलीपेक्षा गार तर कधीच होत नाही मामा. कूलर गरमी मारत नाही, नुसती उचलून बाहेर टाकतो. ऑस्ट्रियात खोली बावीस अंशांवर असंल. आपल्याकडं बेचाळीस. तिथं बहात्तरवर राहणारा प्रोसेसर इथं ब्याण्णववर जातो. वीस अंश तर आपण घरूनच घालायलाव."

मी म्हणालो, "मग फुकटात काही होत नाही का? तो आहे तोच पंखा जरा हळू फिरव की."

भाचा काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा त्याला पटलेलं नसतं, एवढं मला कळायला हवं होतं. त्यानं पडद्यावर एक रेघ खाली ओढली, आणि काय सांगू, विमान एकदम उतरलं. घरात शांतता पसरली. मी सौ.ला म्हणालो, "बघ, एक रुपया खर्च न करता." ती म्हणाली, "हं." हा 'हं' आमच्या घरात तीन प्रकारे वापरला जातो. हा तिसऱ्या प्रकारचा होता.

चार रात्री मी गाढ झोपलो. पाचव्या दिवशी भाचा हिरमुसलेला दिसला. रात्रभरात होणारे हत्ती दुपारपर्यंतही झाले नव्हते आणि तिकडे नवरदेवाचे काका फोनवर फोन करत होते. त्यानं मला पडद्यावरचा आकडा दाखवला. ९९. त्याच्या शेजारी ठोक्यांचा आकडा होता. तो ५५० कोटी तर नव्हताच, पण कारखान्यानं दिलेल्या ५००च्याही पुष्कळ खाली होता. प्रोसेसर शंभराच्या आसपास तापला, की जीव वाचवायला आपणहून चाल सोडतो म्हणे.

"पण आवाज तर अजिबात नाही!" मी म्हणालो.

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाला, "मामा, तुम्ही पंखा गप्प केलाव. प्रोसेसर गार नाही केला."

वाचकहो, काही वाक्यं बोलणाऱ्याच्या ध्यानीमनी नसताना ऐकणाऱ्याला जाऊन लागतात. मी हसलो, चहा मागितला, वर्तमानपत्र उघडलं. पण ते वाक्य काही जाईना. संध्याकाळी नऊ वाजता लातूरहून मुलीचा फोन आला. मी विचारलं, "कसं आहे?" ती म्हणाली, "बरं आहे." मी म्हणालो, "जेवलीस?" ती म्हणाली, "हो." फोन संपला. मी घड्याळात पाहिलं. बावन्न सेकंद.

आता मला आठवायला लागलं. जूनमध्ये गेली तेव्हा हिचा फोन रोज अर्धा-पाऊण तास चालायचा. मेसच्या भाजीत पाणी किती, खोलीतल्या दुसऱ्या मुलीचा गजर पहाटे चारला कसा वाजतो, रविवारच्या परीक्षेचे नंबर भिंतीवर कसे लावतात आणि आपला नंबर शोधायला खालून सुरुवात करावी लागते. रोज तेच. दिवाळीच्या सुमारास तिचा नंबर आणखी खाली गेला, तेव्हा मी क्लासला जादा फी भरून रात्रीची एक तुकडी आणि रविवार दुपारची एक, अशा दोन तुकड्या लावून दिल्या. दहा टक्के जास्त, दुसरं काय! आणि एका रात्री, दमलेला होतो, कूलरही नव्हता दोष द्यायला, तिला म्हणालो, "अगं, रोज काय तेच ते रडगाणं? जरा अभ्यासाकडं लक्ष दे."

त्या दिवसापासून 'बरं आहे' सुरू झालं.

आणि मी काय केलं? चारचौघांत सांगत सुटलो, की पोरगी रुळली. आता तक्रार नाही, काही नाही. एकदम शांत. सौ. तेव्हाच एकदा म्हणाली होती, "तिचं ते 'बरं' मला बरं नाही वाटत." मी म्हणालो, आयांना असंच वाटतं.

हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला घातला आणि अजूनही अधूनमधून घालतो. आपल्याला घरात, कचेरीत, गावात जी शांतता हवी असते, ती समोरच्याला गार करून हवी असते, की नुसतं गप्प करून? पहिल्याला खर्च येतो. मोठा पंखा लागतो, जागा लागते, नाही तर आपली अपेक्षा दहा टक्के खाली आणावी लागते. दुसऱ्याला काहीच लागत नाही. एक रेघ खाली ओढली, एक वाक्य टाकलं, की झालं. आणि गंमत अशी, की आपल्या कानाला दोन्ही शांतता हुबेहूब सारख्या लागतात. फरक कळतो तो फक्त आकडा पाहिला तर, आणि माणसाच्या कपाळावर तो आकडा लिहिलेला नसतो. खरं म्हणजे आवाज हीच माणसाची आकडा सांगायची रीत आहे. तीच आपण आधी बंद करतो. सून बोलायची थांबली की म्हणतो, समजूतदार आहे. नोकर कुरकुरायचा थांबला की म्हणतो, लाइनीवर आला. आणि म्हातारे गप्प झाले तर त्याला आपण चक्क समाधान म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर. खिडकीतून गरम वारा असा येत होता, जणू सगळ्या मराठवाड्याचा पंखा माझ्याकडेच तोंड करून लावलाय. मुलीच्या खोलीवर पोचलो तेव्हा ती पुस्तकासमोर बसलेली होती. कोपऱ्यात कूलर होता, पण टाकी कोरडी. चेहरा उतरलेला. मला बघून दचकली. तिला वाटलं, कुणी तरी गेलं. बाप न सांगता आला म्हणजे तेवढं एकच कारण असणार, हा मुलीचा अंदाज मला चांगलाच झोंबला.

"कशी आहेस?"

"बरं आहे."

"ते नको," मी म्हणालो. "पहिल्यासारखं सांग."

ती काही बोलेना. मग आम्ही बाहेर पडलो. लातूरची गंजगोलाई अशी आहे, की तिला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि कुठूनही चुकलं तरी माणूस फिरून गोलाईतच येतो. बोलायचं सुचत नसलेल्या बापलेकींना अशी जागा सोयीची. दोन फेऱ्या झाल्या. मग एका रसवंतीवर बसलो. पहिला ग्लास मुकाट्यानं संपला. दुसरा ग्लास अर्धा झाल्यावर ती म्हणाली, "मेसच्या भाजीत अजून पाणीच असतं." आणि मग जी सुरू झाली! भाजीवरून मेसवाल्या मावशींवर, तिथून गजरावर, गजरावरून भिंतीवरच्या यादीवर. रात्रीच्या तुकडीहून खोलीवर यायला साडेदहा होतात, मग जेवण गार झालेलं, म्हणून ती बऱ्याचदा जेवतच नव्हती. दोनपर्यंत जागायचं, सहाला उठायचं. एकच पान चार वेळा वाचलं तरी डोक्यात जात नाही. "बाबा, मला वाटायचं मी मंद झाले." मधेच ती रडली, मधेच हसली. रसवंतीवाल्यानं न विचारता तिसरे ग्लास आणून ठेवले. चार वेळा वाचूनही डोक्यात जात नाही म्हणाली, तेव्हा मला तो घसरलेला ठोक्यांचा आकडा दिसला. पोरगी मंद झाली नव्हती. जीव वाचवायला चाल सोडत होती.

दुपारी क्लासच्या कचेरीत जाऊन दोन्ही जादा तुकड्या काढून घेतल्या. तिथले गृहस्थ आश्चर्यानं म्हणाले, "बाकीचे पालक तर वाढवायलेत, आणि तुम्ही कमी करायलाव?" मी त्यांना १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ समजावून सांगणार होतो, पण मागे वाढवणाऱ्यांची रांग होती.

नांदेडला परत आलो आणि भाच्याला म्हणालो, "मागव तुझा तो बिस्किटाच्या रंगाचा कूलर." भाचा म्हणाला, "मामा, मीही थोडी चाल उतरवतो." त्यानं कारखान्याच्या चालीहूनही थोडं खाली आणलं, आणि मला पुन्हा तेच गणित उलट्या बाजूनं दाखवलं. चाल आणि व्होल्टेज दोन्ही दहा-दहा टक्के सोडलं, की ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.७२९. दहा टक्के सोडून सत्तावीस टक्के गारवा. झाकण मात्र लागलं नाही. टेप मी धरला होता आणि चष्मा लावायचा विसरलो होतो. पाच मिलिमीटर राहिले. हत्ती आता अर्धा तास उशिरा सोंड उचलतात. नवरदेवाच्या काकांना ते अजून कळलेलं नाही.

पंखा हळू फिरतो, आकडा सत्तरीत असतो, आणि शांतता खरी आहे, असं भाचा मला रोज दाखवतो. त्या दुकानदाराचं मात्र खरंच. आवाज अजिबात नाही असं नाहीच. कान लावला तर बारीकसा येतो. येऊ दे.

मुलीचा फोन रात्री नऊला येतो. परवा सत्तेचाळीस मिनिटं चालला. भाजीत अजूनही पाणीच आहे. आमचा घरचा कूलर इतका घरघरतो, की फोनवरचं ऐकू येत नाही. म्हणून नऊ वाजायला आले, की सौ. उठते आणि कूलर बंद करते. मग आम्ही दोघं भर मे महिन्यात, नांदेडच्या उकाड्यात, घामानं निथळत, फोन मधे ठेवून बसतो.